दंतपंक्तीची मोजणी

आमच्या घराण्यात जे काही वडिलोपार्जित होते, त्यातील बहुतेक काळाच्या आणि कायद्याच्या उदरात गडप झाले. जमीन १ एप्रिल १९५७ रोजी कुळांची झाली. वाड्याचे भाऊबंदांनी इतके हिस्से पाडले की माझ्या वाट्याला आलेला जिना आज कोठेही जात नाही. आणि आजोबांच्या पगडीचा सर्व वारसांच्या वतीने वाळवीने निःपक्षपातीपणे उपभोग घेतला. एक वतन मात्र कोणत्याही फेरफाराची नोंद न होता पिढ्यान् पिढ्या अबाधित चालत आले, आणि ते म्हणजे वरच्या जबड्यातील डाव्या बाजूचा सुळा. इतर दातांच्या रांगेत उभे राहणे हा सुळा आपल्या दर्जास कमीपणा आणणारे समजतो, व रांगेच्या पुढे, किंचित वर, ओठाच्या आडून जगाची पाहणी करीत राहतो. पणजोबांच्या तैलचित्रात तो आहे, आजोबांच्या छायाचित्रात तो आहे, आणि वडिलांच्या लग्नाच्या फोटोत तर आईच्याही आधी तोच नजरेस पडतो. आमच्याकडे मूल जन्मले की नाक कोणाचे आणि रंग कोणाचा, यावर दोन्ही कुटुंबांत हिरीरीने दावे मांडले जातात. सुळ्यावर मात्र आजवर कोणीही हक्क सांगितलेला नाही.

हे वतन कन्येच्या मुखी उतरल्याचे तिच्या चौदाव्या वर्षी स्पष्ट झाले, आणि पत्नीने त्याविरुद्ध तातडीने कारवाई सुरू केली. वाईहून साताऱ्याला, दात सरळ करण्याच्या विद्येत पारंगत असलेल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे आम्ही तिघे गेलो. बाईंनी कन्येचे तोंड क्षणभर पाहिले, आणि मग माझ्याकडे वळून माझ्या बोलण्याकडे यत्किंचितही लक्ष न देता बराच वेळ माझ्या ओठांच्या हालचाली न्याहाळल्या.

"काका, तुमचेही हिच्याबरोबर करून घ्या की."

"बाबा लावणार असतील तरच मी तारा लावणार," कन्या म्हणाली.

"लावतील ते," पत्नी म्हणाली.

येणेप्रमाणे माझी संमती मला न विचारता नोंदविली गेली. पन्नाशी उलटल्याची हरकत मी दाखल करून पाहिली. परंतु हाड आणि हिरड्या धडधाकट असल्या तर या उपचाराला वयाची अट नाही, वेळ मात्र थोडा अधिक लागतो, असा निर्वाळा मिळाला. वेळ म्हणजे किती, असे विचारता दात महिन्याकाठी साधारण एक मिलिमीटर सरकतो असे कळले. हा वेग ऐकून पत्नीचा चेहरा उतरला. मी मात्र सारी हयात महसूल खात्यात काढली असल्यामुळे प्रभावित झालो. आमच्या कचेरीत एखादे प्रकरण या गतीने सरकू लागले, तर त्यामागे कोणाचा वशिला आहे याची कुजबुज सुरू होते.

प्रथम मोजणी झाली. समुद्रातील शेवाळापासून काढलेल्या द्रव्याचा गुलाबी लगदा एका पत्र्याच्या साच्यात भरून तो माझ्या जबड्यावर दाबून धरण्यात आला, आणि "नाकाने श्वास घ्या, काका," असा हुकूम सुटला. तोपर्यंत नाकाचा असा काही उपयोग असतो हे मी पार विसरलो होतो. मग एक यंत्र माझ्या मस्तकाभोवती फिरले, दुसऱ्याने बाजूने छायाचित्र घेतले, आणि पुढच्या खेपेस माझ्या दातांची प्लास्टरची प्रतिकृती मेजावर माझी वाट पाहत बसलेली दिसली. आपले दात आपल्यापासून अलग होऊन आपल्याकडे पाहून हसत आहेत, हा अनुभव वेदान्ताच्या विद्यार्थ्यास उपकारक असला तरी अव्वल कारकुनास मानवणारा नाही. नकाशावर पाहता प्रकार उघड होता. खालचे चार पटाशीचे दात दोघांच्या जागेत नांदत होते, एका उपदाढेने शेजारणीच्या हद्दीत अतिक्रमण केले होते, आणि सुळ्याने तर बांधाबाहेरील गायरानातच मुक्काम ठोकला होता.

या सर्व अव्यवस्थेलाही एक शास्त्र आहे, हे मला बाईंकडून समजले. एडवर्ड अँगल नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने १८९९ साली जगातील समस्त वाकड्या दातांची वर्गवारी केली. वरची पहिली मोठी दाढ खालच्या दाढेवर कशी बसते, यावरून त्याने तीन वर्ग पाडले. पहिल्या वर्गात दाढा जागच्या जागी असतात आणि पुढे दाटी असते. दुसऱ्यात खालचा जबडा मागे राहिलेला असतो. तिसऱ्यात तो पुढे सरसावलेला असतो. "काका, तुम्ही पहिल्या वर्गात," असे बाईंनी सांगितले तेव्हा मला भरून आले. मॅट्रिकपासून खात्याच्या परीक्षेपर्यंत मी जेथे जेथे बसलो, तेथे तेथे हा वर्ग मला हुलकावणी देत आला होता. कन्या दुसऱ्या वर्गात निघाली. परतीच्या एस.टी.त मी तिला अभ्यासाचे महत्त्व सांगू लागलो, तेव्हा तिने खिडकीबाहेर पाहणे पसंत केले.

नंतर दरपत्रक समोर आले, आणि मानवी स्वभावावर आजवर लिहिल्या गेलेल्या सर्व ग्रंथांचे सार मला त्या एका कागदात आढळले. धातूचे ब्रॅकेट सर्वांत स्वस्त, कारण ते दुरून दिसतात. दाताच्या रंगाचे सिरॅमिकचे त्याहून महाग, कारण ते जवळ आल्यावरच दिसतात. दातांच्या मागील अंगास बसवायचे त्याहून महाग, कारण त्यांचा पत्ता केवळ जिभेला लागतो. आणि अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या अखेरीस निघालेले पारदर्शक साचे दिवसाचे २२ तास घालूनही कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत. त्यांची किंमत ऐकल्यावर मलाही काही काळ काहीच दिसले नाही. चांगले दिसावे म्हणून करावयाच्या या उपचारात तो जितका कमी दिसेल तितके दाम अधिक. कन्येने धातूचे ब्रॅकेट आणि त्यांवर निळ्या-जांभळ्या रबरी कड्या निवडल्या, कारण तिच्या वर्गात तशीच पद्धत होती. मी, माझ्या वयाचा आणि पदाचा विचार करून, पदरमोड करून सिरॅमिकचे घेतले, आणि तारेला धरून ठेवणाऱ्या कड्याही पारदर्शक मागितल्या.

त्याआधी जागा करावी लागणार होती. दंतवैद्यक शास्त्रात ज्या प्रश्नावर सर्वाधिक भांडण झाले तो हाच. अँगलचे मत असे की विधात्याने बत्तीस दात दिले ते बत्तीसही राहिले पाहिजेत. आदर्श चेहरा म्हणून तो ग्रीकांच्या अपोलो देवाच्या पुतळ्याकडे बोट दाखवीत असे, ज्या पुतळ्याचे दात मुळीच दिसत नाहीत. अँगल १९३० साली निवर्तला, आणि त्याचाच पट्टशिष्य चार्ल्स ट्वीड काही वर्षांत उघडपणे सांगू लागला की गुरुजींच्या पद्धतीने सरळ केलेले दात पुन्हा पुढे येतात, सबब चार उपदाढा काढाव्यात. गुरूच्या पश्चात त्याचा सिद्धान्त उपटणे ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. परंतु त्याबरोबर दातही उपटणे हा अमेरिकेचा विशेष म्हणावा लागेल. बाई ट्वीडच्या संप्रदायातील होत्या. त्यांनी मला खुर्चीत निजवून, तोंडात आरसा आणि दोन बोटे घालून विचारले, "काका, चार उपदाढा काढाव्या लागतील. चालेल ना?" माझ्या मुखातून "आँ" एवढाच उद्गार बाहेर पडू शकला, व तो कागदोपत्री होकार धरण्यात आला. त्या खुर्चीत बसून कोणी नकार दिल्याचा दाखला इतिहासात नसावा; जबडा उघडा असताना 'न' उच्चारताच येत नाही.

तारा चढल्या, आणि घरी आल्यावर पहिल्या रात्रीच मला कळले की आपले बत्तीसपैकी उरलेले अठ्ठावीस दात हे अठ्ठावीस स्वतंत्र संस्थाने असून प्रत्येकाची कैफियत निराळी आहे. केळ्याचा घास घेताना आपण काही कठीण पदार्थ चावत आहोत, अशी भावना मनुष्याला सहसा होत नाही, मला झाली. बाईंनी मात्र या वेदनेमागील कार्य इतक्या कौतुकाने समजावून सांगितले की तक्रार करण्याचा धीर होईना. तार दाताला ज्या दिशेने रेटते, त्या बाजूचे हाड खाणाऱ्या पेशी कामाला लागतात. आणि दात जी जागा सोडतो, तेथे नवे हाड रचणाऱ्या पेशी. पाडणे आणि बांधणे एकाच वेळी, एकाच मुदतीत, निविदा न काढता! सार्वजनिक बांधकाम खात्याच्या एका अधिकाऱ्यास मी हे सांगितले, तेव्हा असे काही आपल्या शरीरात चालते यावर विश्वास ठेवण्यास त्याने साफ नकार दिला.

वास्तविक पूर्वसूरींचे उपचार पुष्कळ सोपे होते. रोमन ग्रंथकार सेल्सस याने लिहून ठेवले आहे की मुलाचा दुधाचा दात पडण्यापूर्वीच नवा दात आला, तर जुना काढावा आणि नवा रोज बोटाने ढकलीत जावा, तो जागेवर येईपर्यंत. फ्रान्सच्या पिएर फोशारने १७२८ साली आपल्या ग्रंथात धातूच्या कमानदार पट्टीला दोऱ्याने दात बांधण्याची युक्ती दिली. आत्याबाईंना मी सेल्ससचा उपाय सांगितला, तेव्हा त्या म्हणाल्या, "मग तूच का नाही ढकललास? लहानपणी नाकातून बोट काढायला तयार नव्हतास तो!" माझ्या तोंडातील तारेचा इतिहास तर याहून भयंकर निघाला. निकेल आणि टायटॅनियम यांचा हा मिश्रधातू अमेरिकेच्या नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्युलर यांना सापडला, तो क्षेपणास्त्राच्या अग्रभागासाठी योग्य धातू शोधत असताना. त्याचा गुण असा की कितीही वाकवला तरी तो आपला मूळ आकार विसरत नाही, आणि १९७० च्या दशकात हा गुण दातांवर योजण्यात आला. आमचा सुळाही आपली जागा विसरणारा नव्हता. दोघेही पूर्वस्मृतीला चिकटून बसलेले, आणि त्यांचा दरबार माझ्या हिरडीत भरलेला.

आता आहाराविषयी. बाईंनी दिलेल्या निषिद्ध पदार्थांच्या यादीत चकली, कडक बुंदीचा लाडू, शेंगदाण्याची चिक्की, ऊस, पेरू, मक्याचे कणीस, फुटाणे आणि भाजलेला पापड होते. थोडक्यात, महाराष्ट्रात सणावाराला ज्या ज्या गोष्टी पानात पडतात त्यांतून नैवेद्य वजा जाता उरलेले सर्व. साताऱ्याचा कंदी पेढा त्या यादीत नव्हता. हे अनवधानाने झाले असावे, म्हणून मी त्याचा उच्चार न करता लाभ तेवढा घेत राहिलो. संक्रांतीस आमच्या कचेरीतील नाझर साहेबांच्या घरी तिळाची वडी हाती पडली, आणि गोड बोलण्याचा आग्रह होत असतानाच वरच्या बाजूचा एक ब्रॅकेट तिच्यात रुतून बसला. मी तोंड मिटून मान डोलावू लागलो. वहिनींनी माझे मौन गहिवर समजून आणखी दोन वड्या वाढल्या.

"काय खाल्लंत, काका?" बाईंनी साताऱ्यास विचारले.

"वरणभात," मी म्हणालो.

"हं," त्या उपकरणे मांडीत म्हणाल्या. "परवा एकांचे वरणभातानेच दोन तुटले. काल एका मुलाचा दह्याने तुटला."

परंतु खरा घात कोणत्याही निषिद्ध पदार्थाने केला नाही. सिरॅमिकचे ब्रॅकेट आपला रंग राखून होते. त्यांवरील पारदर्शक रबरी कड्यांनी मात्र पहिल्याच आमटीला हळदीचा रंग उचलला, आणि दुसऱ्या दिवशी मी कचेरीत शिरलो तो मुखात पीतवर्ण दीपमाळ घेऊन. अदृश्यतेसाठी मोजलेले दाम हळदीच्या एका चिमटीने वाया घालविले. शिपायाने टपाल ठेवता ठेवता आदराने विचारले, "सायेब, सोन्याचं बसवलं व्हय?" मी नाही म्हणालो, आणि जो मनुष्य महसूल खात्यात राहून तोंडातील सोने नाकारतो त्याविषयी जो समज व्हावयाचा तो झाला. आठवडाभरात माझ्याकडील प्रकरणांचे पक्षकार माझ्याशी निराळ्या सुरात बोलू लागले, आणि एकाने तर तुकड्याच्या निकालासाठी "खालच्या दातांचं आम्ही बघतो" असे सूचित केले.

नाझर साहेबांना या उपचाराविषयी मूलभूत आक्षेप होता. "पाचगणीला तो गाणारा शिकत नव्हता का, फ्रेडी मर्क्युरी," ते म्हणाले. "मूळचा बलसारा. वरच्या जबड्यात चार दात जास्त, म्हणून पुढचे बाहेर आलेले. जगभर नाव झालं, पैसा झाला, पण दाताला हात लावू दिला नाही. का? तर आवाज जाईल म्हणून. तुमचाही जाईल."

"माझा आवाज घरात कधी होता?" मी म्हणालो.

तो सल्ला तेवढ्यावर मिटला, तरी इतरांचे सुरूच राहिले. मनुष्याच्या तोंडात तार दिसली की पाहणाऱ्याच्या जिभेचा लगाम सुटतो. कोणी मीठपाण्याच्या गुळण्या सांगितल्या. कोणी लवंगेचे तेल. एका निवृत्त तलाठ्याने बाभळीच्या काडीने रोज घासले तर दात आपोआप रांगेत येतात असे शपथेवर सांगितले, आणि पुराव्यादाखल तोंड उघडले, ज्यात रांग करण्यास पुरेसे दातच नव्हते. आत्याबाईंनी मात्र मुळावरच घाव घातला. "सरळ दातांची एवढी हौस होती, तर चार वर्षं धीर धरायचा होतास," त्या पेल्यातून आपली कवळी उचलीत म्हणाल्या. "माझे बघ. सगळे एका ओळीत, आणि रात्री दुखतही नाहीत."

यथावकाश तारा निघाल्या. सुळा रांगेत आला. आरशात पाहिले तेव्हा माझ्या चेहऱ्यात एक अपरिचित, सभ्य आणि काहीसा विमा-प्रतिनिधीचा भाव उमटलेला दिसला. मी समजलो की प्रकरण निकाली निघाले. पण निकालापेक्षा अंमलबजावणी लांब असते, हे मला तरी ठाऊक असावयास हवे होते. दात पुन्हा पूर्वस्थळी जाऊ पाहतात, म्हणून रात्री रिटेनर घालावयाचा, आणि तो किती दिवस, असे विचारले तर बाई हसून म्हणाल्या, "काका, दात आहेत तोवर." सुळ्याला आपल्या नव्या जागी केवळ वहिवाट मिळाली होती, मालकी नव्हे. कन्येने आपला रिटेनर एका उपाहारगृहात कागदी रुमालात गुंडाळून ठेवला व तो उष्ट्या ताटाबरोबर आत गेला. मग आम्ही उभयतांनी तेथील खरकट्याच्या पिंपात जो शोध घेतला, त्यात दुसऱ्या कोणाचा तरी एक रिटेनर सापडला, पण आमचा नाही.

आणि एवढे होऊन कोणाच्या लक्षात काही आले नाही. ज्या उपचाराचा कोणास पत्ता लागू नये म्हणून मी पदरमोड केली होती, त्याच्या फळाचा कोणास पत्ता लागत नाही, म्हणून माझी झोप उडाली. मी विनोद नसलेल्या ठिकाणी हसू लागलो. मोजणीच्या नोटिसा बजावताना, श्राद्धाच्या पंक्तीत, आणि एकदा तर प्रांताधिकारी माझ्यावर रागावले असताना मी रुंद स्मित केले. "बारीक झालात का हो?" कोणी म्हणे, "चष्मा नवा वाटतं?" दुसरा विचारी. नाझर साहेबांनी बराच वेळ निरखून पाहिले आणि शेवटी विचारले, "मिशी काढलीत?" मी हयातीत मिशी ठेवलेली नाही.

सेवानिवृत्तीनंतर कोठे बाहेरदेशी जाणे झाले तर असावा म्हणून पत्नीने पासपोर्टची तजवीज आरंभली, तेव्हा दस्तऐवज कसाही असो, त्यात आपली दंतपंक्ती कायमची नोंदविली जाईल, या आशेने मी फोटो काढावयास गेलो. स्टुलावर बसलो, मान सरळ केली, आणि सातारच्या बाईंचे सारे कौशल्य प्रकट होईल असे हसलो.

"तोंड मिटा, साहेब," फोटोवाला म्हणाला. "पासपोर्टला दात चालत नाहीत."

मी मिटले. त्याने कॅमेऱ्यामागे डोके घातले, बाहेर काढले, दुकानात रांगेत उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांकडे एकवार पाहिले, आणि तोंडापुढे पंजा धरून माझ्या कानाशी येऊन हळूच विचारले, "साहेब, तारा कुठं लावल्या होत्या? फार दुखतं का हो?" बोलताना त्याचा पंजा किंचित हलला, आणि वरच्या बाजूचा एक सुळा रांग सोडून बाहेर डोकावताना मला दिसला. तेव्हा माझ्या ध्यानात आले की इतके दिवस माझ्या दातांकडे कोणी का पाहिले नाही. जगातील प्रत्येक जण आपले व्यंग झाकण्यात इतका गुंतलेला असतो, की दुसऱ्याचे सरळ झालेले पाहण्यास त्याला उसंत मिळते ती केवळ तेच व्यंग त्याचेही असेल तर.

मग मी त्याला सर्व सांगितले. अँगलचे तीन वर्ग, माझा पहिला; ट्वीडचे बंड; नौदलाची तार; हळदीचे कारस्थान; पेढ्याची सवलत. वरचा ओठ उचलून उपदाढांच्या रिकाम्या झालेल्या जागा कशा भरून आल्या तेही दाखविले. तो तोंडापुढचा पंजा विसरून वाकून पाहत राहिला, आणि रांगेतील मंडळी घड्याळे पाहू लागली.

"अहो," मागून पत्नीचा आवाज आला, "मिटा आता. फोटो राहिलाय."